घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स मेमरी किती हवी? दुकानात जाण्याआधी घरी बसून ठरवा

ग्राफिक्स मेमरी, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरची मेमरी, किती जीबी, हा प्रश्न सगळ्यात शेवटी सुटायचा असतो. आपल्याकडे तो सगळ्यात आधी विचारतात, तोही बहुतेक वेळा इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये काउंटरसमोर उभं राहून, फोनवर. "काका, चारचं घेऊ की आठचं? दुकानवाला थांबलाय." मी विचारतो, मॉनिटर कुठला आहे? काम काय करणार? एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, किती वॉटचा? पलीकडे शांतता. मग खोक्यावर ज्याचा आकडा मोठा, ते कार्ड घरी येतं आणि आठ दिवसांनी पुन्हा फोन येतो, "काका, अडकतंय."

खालची पद्धत एका संध्याकाळची आहे. टप्पे याच क्रमाने घ्या. टप्पा ४ गाळून थेट ५ वर उडी मारणारे सगळ्यात जास्त भेटतात, आणि पैसे तिथेच जातात.

## तयारी: एक कागद, चार नोंदी

कागदच घ्या. दुकानात मोबाइलवर स्क्रीनशॉट शोधताना माणूस गडबडतो आणि समोरचा बोलत सुटतो.

कागदावर लिहा: प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट. रॅम किती आणि ती एका स्टिकमध्ये की दोन. एसएमपीएसच्या लेबलवरचे वॉट. कॅबिनेटमध्ये कार्डाच्या जागेपासून पुढच्या पंख्यापर्यंत किती सेंटिमीटर मोकळे आहेत.

प्रोसेसरचं शेवटचं अक्षर का? कोअर आय५ १२४०० आणि कोअर आय५ १२४००एफ हे दिसायला भाऊ-भाऊ. पण इंटेलच्या 'एफ' प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्सच नसतं. कार्ड काढलं की पडदा काळा. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी यांचं उलटं आहे: 'जी' वाल्यात आतलं ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही.

## टप्पा १: आज किती मेमरी आहे ते नीट वाचा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन डावीकडे खाली 'जीपीयू' (म्हणजे ग्राफिक्सची चिप) वर क्लिक करा. तिथे तीन आकडे दिसतात आणि निम्मे लोक त्यातला चुकीचा वाचतात.

'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' ही कार्डावरची खरी मेमरी. 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणजे गरज पडल्यास साध्या रॅममधून उसनी घेता येईल ती. विंडोज सहसा रॅमच्या निम्मी अशी बाजूला दाखवतं. आणि नुसतं 'जीपीयू मेमरी' असं लिहिलेला आकडा म्हणजे या दोघींची बेरीज. त्यामुळे १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं कार्ड असलेल्या कॉम्प्युटरवर तिथे १२ च्या आसपास काहीतरी दिसतं. सुदामा नगरातल्या माझ्या भाच्याने हाच आकडा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता, "माझ्याकडे १२ जीबी ग्राफिक्स आहे." कार्ड ४ जीबीचं होतं.

कार्ड नसेल, म्हणजे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालू असेल, तर डेडिकेटेडच्या जागी १२८ किंवा ५१२ एमबी असा बारीक आकडा दिसेल किंवा ती ओळच नसेल. त्यात बिघाड काही नाही. जुन्या पीसीच्या जाहिरातीत "८ जीबी ग्राफिक्स" म्हणतात ते अनेकदा हेच असतं: १६ जीबी रॅमचा निम्मा भाग.

इथे चुकतं: विंडोजच्या 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' मधली 'अ‍ॅडॅप्टर रॅम' ची ओळ वाचू नका. तिला ४ जीबीच्या वर मोजताच येत नाही. ८ किंवा १२ जीबीच्या कार्डालाही ती कमीच दाखवते आणि लोक फसवले गेलो म्हणून दुकानदाराशी भांडायला निघतात.

तपासा: कागदावर फक्त 'डेडिकेटेड' चा आकडा लिहिलाय ना?

## टप्पा २: पडद्याचे इंच सोडा, ठिपके मोजा

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग रिझोल्यूशन. तिथे १९२० × १०८० असेल तर पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके. २५६० × १४४० म्हणजे ३६.९ लाख. फोर-के, म्हणजे ३८४० × २१६०, म्हणजे ८२.९ लाख.

२७ इंची मॉनिटर घेतला म्हणून जास्त ग्राफिक्स लागत नाही. २२ इंची फुल एचडी आणि २७ इंची फुल एचडी यांचं ओझं अगदी सारखं. उलट बैठकीतला फोर-के टीव्ही मॉनिटर म्हणून जोडणाऱ्यांना आपण चौपट ठिपके हाकतोय हे माहीत नसतं.

आता थोडा हिशोब. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर फुल एचडीचं एक चित्र ८ एमबीचं आणि फोर-केचं ३३ एमबीचं. एवढंच? हो, चित्र एवढंच. म्हणून साध्या कामाला मेमरी लागतच नाही. मेमरी खातात ती चित्रामागची सामग्री: भिंतींचे, कपड्यांचे, रस्त्यांचे पोत, ज्यांना टेक्श्चर म्हणतात ते, शिवाय सावल्या आणि प्रकाशाचे हिशोब. त्यातला पडद्याशी बांधलेला भाग ठिपक्यांबरोबर वाढतो, टेक्श्चर तसे वाढत नाहीत. म्हणून फोर-केला चौपट मेमरी लागेल असं त्रैराशिक मांडू नका.

## टप्पा ३: सगळी कामं नकोत, सगळ्यात जड एक काम लिहा

टॅली, एक्सेल, ऑनलाइन क्लास, यूट्यूब, बँकेची कामं: ग्राफिक्स कार्ड नको. शून्य. लोकमान्य नगरातल्या एका वहिनींना "स्पीडसाठी" ४ जीबीचं कार्ड सुचवलं होतं. त्यांचा कॉम्प्युटर ४ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कवर रडत होता. एसएसडी आणि रॅम टाकल्यावर कार्डाचा विषयच निघाला नाही. आतल्या ग्राफिक्सवर काम करणाऱ्यांनी एका मोठ्या स्टिकऐवजी दोन सारख्या स्टिक लावाव्यात. आतलं ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर जगतं आणि दोन स्टिकचा रस्ता दुप्पट रुंद असतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन ग्राफिक्ससाठी २ जीबी राखून ठेवण्याचा सल्लाही फिरत असतो. ८ जीबी रॅमच्या मशीनवर तो मानलात तर विंडोजला ६ च उरतात आणि सगळंच मंदावतं.

गेम: नाव पुरत नाही, आवृत्ती लिहा. जीटीए ५ ची पीसीवरची २०१५ची मूळ आवृत्ती किमान १ जीबी मागते, शिफारस २ जीबीची. त्याच गेमची २०२५मध्ये आलेली 'एन्हान्स्ड' आवृत्ती किमान ४ मागते आणि शिफारस ८ जीबीच्या कार्डाची आहे. व्हॅलोरंटला १ जीबी पुरते. 'किमान' म्हणजे गेम कसाबसा उघडतो, एवढाच त्याचा अर्थ.

व्हिडिओ एडिटिंग: फुल एचडी, साधे कट आणि टायटल असतील तर ४ जीबीत भागतं. फोर-के टाइमलाइन, त्यावर चित्रातले दाणे (नॉइज) काढणं, दोन-तीन इफेक्ट एकावर एक, मग ८ च्या खाली जाऊ नका. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर तर मेमरी भरली की तसा संदेश देऊन थांबतं.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधली किंवा इंटिरियरची थ्रीडी कामं: इथे हिशोब आधी करता येतो. ४०९६ × ४०९६ च्या एका टेक्श्चरला, कॉम्प्रेस न करता, ६४ एमबी लागतात. एका सोफ्याला असे चार लावले की २५६ एमबी. दहा वस्तूंची खोली मांडली की अडीच जीबी नुसत्या टेक्श्चरमध्ये गेली, भिंती आणि दिवे वेगळे. तेच टेक्श्चर २०४८ चे केले तर चौथा हिस्सा लागतो. कोपऱ्यातल्या कुंडीला ४०९६ चं टेक्श्चर देणाऱ्याने आधी कुंडी सुधारावी, मग कार्ड बदलावं.

घरी एआय मॉडेल चालवायचं असेल तर गणित सरळ आहे. जितके अब्ज पॅरामीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साठवलेले आकडे, त्याच्या दुप्पट जीबी, हे प्रत्येक आकडा १६ बिटमध्ये ठेवला तर. ४ बिटला त्याचा चौथा भाग. ८ अब्जांचं मॉडेल १६ बिटमध्ये १६ जीबी, ४ बिटमध्ये ४ आणि वरचं सामान धरून पाचच्या आसपास. संभाषण लांबलं की आणखी एक-दोन जीबी. म्हणजे ८ जीबीत ते बसतं, पण ब्राउझरच्या चाळीस टॅब बंद करून.

तपासा: कागदावर एकच काम उरलंय ना? "कधीतरी मुलगा खेळेल" हे काम नव्हे.

## टप्पा ४: मेमरी कमी पडतेय की कार्डाचा दम, हे वेगळं काढा

हा टप्पा सावकाश करा. अडकणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरला मेमरी कमी नसते.

भाच्याच्या घरी आम्ही केलं ते जसंच्या तसं सांगतो. ४ जीबीचं कार्ड, फुल एचडी मॉनिटर, गेमची सेटिंग 'हाय'. टास्क मॅनेजर उघडा ठेवून गेम सुरू केला. सुरुवातीला शेअर्ड मेमरी ०.२ जीबी. वीस मिनिटं खेळायला लावलं, आणि एकाच गल्लीत न घुटमळता गाडी घेऊन शहरभर फिरायला सांगितलं. मेमरी नव्या जागी गेल्यावर भरते. विसाव्या मिनिटाला डेडिकेटेड ४ पैकी ३.८ आणि शेअर्ड १.६. वळणावर वळणावर चित्र अर्धा सेकंद गोठत होतं, भिंती आधी मेणासारख्या दिसायच्या आणि मग विटा उमटायच्या. मधल्या वेळात मात्र गेम झकास चालत होता.

मग फक्त टेक्श्चरची सेटिंग हायवरून मीडियमवर आणली, बाकी कशालाही हात लावला नाही. गेम बंद करून पुन्हा सुरू केला. हे विसरू नका, नाहीतर जुनी भरलेली मेमरी तशीच राहते. परत वीस मिनिटं. शेअर्ड ०.३ वर राहिली, गोठणं थांबलं, सरासरी फ्रेम, म्हणजे सेकंदाला उमटणारी चित्रं, जवळपास तेवढ्याच. निदान झालं: मेमरी कमी.

तुमच्याकडे टेक्श्चर कमी करूनही गेम सतत एकसारखा हळू चालत असेल आणि जीपीयूचा वापर ९५-१०० टक्क्यांवर चिकटलेला असेल, तर कार्डाचा दमच कमी आहे. त्याच दमाचं जास्त मेमरीवालं कार्ड घेऊन काहीही बदलणार नाही. आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं छान, मग हळूहळू गेम बसतोय असं असेल तर टास्क मॅनेजरमध्येच जीपीयूचं तापमान बघा. इंदूरच्या मे महिन्यात, बंद खोलीत, भिंतीला टेकवलेलं कॅबिनेट असेल तर दोष मेमरीचा नाही, धुळीचा आणि हवेचा आहे.

का गोठतं, तेही थोडक्यात. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल साध्या रॅममधून मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमार्गे, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेतून, आणावा लागतो. आरटीएक्स ४०६० या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी हलवते. हेच कार्ड जुन्या, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर बसवलं तर स्लॉटमधून जेमतेम ८ जीबी येतात. एबी रोडच्या रुंद रस्त्यावरून भरधाव आलेली गाडी रात्री दहाला सराफ्याच्या गर्दीने भरलेल्या गल्लीत शिरावी, तसं.

इथे चुकतं: डेडिकेटेड आकडा भरलेला दिसला म्हणजे मेमरी कमी, असं लगेच ठरवू नका. बरेच गेम रिकामी जागा दिसली की आगाऊ भरून ठेवतात. शेअर्ड आकडा वाढतोय आणि सोबत गोठतंयही, अशी दोन्ही लक्षणं एकदम हवीत.

कार्डच नसेल तर हा टप्पा मित्राच्या कॉम्प्युटरवर करा, पण तुमच्या रिझोल्यूशनवर आणि तुमच्याच कामाची फाइल घेऊन.

## टप्पा ५: आता आकडा काढा

भरलेली डेडिकेटेड, अधिक शेअर्डमध्ये झालेली वाढ, अधिक या बेरजेचा चौथा हिस्सा. भाच्याचं: ३.८ अधिक १.४ म्हणजे ५.२, त्यावर १.३, एकूण ६.५. कार्ड ठराविक मापातच मिळतात, ४, ६, ८, १२, १६. म्हणून वरचं माप, ८.

हा अंदाज आहे, मोठ्या कार्डावर तोच गेम थोडी जास्त जागाही घेईल. म्हणून काही ठिकाणी मी हिशोबावर जात नाही. फुल एचडीवर नवे गेम खेळायचे असतील तर आज ८ ही तळाची पायरी आहे. कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल किंवा मॉनिटर १४४०चा असेल तर १२. फोर-केवर नवे गेम किंवा रोजचं जड थ्रीडी काम, १६. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) आणि फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम कार्डानेच बनवणं) हे दोन्हीही मेमरी खातात, हे लक्षात असू द्या. फ्रेम वाढवायला म्हणून फ्रेम जनरेशन चालू करायचं आणि मेमरी संपून गोठायला लागायचं, हा ८ जीबीवाल्यांचा नेहमीचा अनुभव.

दुसरा मॉनिटर आणि उघडा ब्राउझर यांचा अर्धा जीबी वेगळा धरा.

## टप्पा ६: आकड्याला कार्ड जोडा

इथे मी स्वतः एकदा आपटलोय. काही वर्षांपूर्वी घरच्या पीसीसाठी ४ जीबीचं कार्ड आणलं, कारण बाजूचं त्याच किमतीचं कार्ड २ जीबीचं होतं. माझ्या ४ जीबीमध्ये मेमरी होती डीडीआर३. मित्राच्या २ जीबी जीडीडीआर५ पुढे ते रांगत होतं. माझ्या कार्डाचे शेवटचे २ जीबी कधी भरलेच नाहीत, कारण तेवढं काम करायची त्या चिपची ऐपतच नव्हती.

म्हणून आकडा जुळला की या गोष्टी बघा. मेमरीचा प्रकार जीडीडीआर५ किंवा त्यापुढचा हवा, डीडीआर३ किंवा डीडीआर४ नको. जीटी १०३० या एकाच नावाने २ जीबीची दोन कार्डं निघाली. जीडीडीआर५ वाल्याचा वेग सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ वाल्याचा १६.८. खोक्यावर नाव एकच.

मग नावामागची मापं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड म्हणजे ८ जीबीवाल्यातून दोन जीबी वजा केलेलं कार्ड नव्हे, त्याची चिपही हलकी आहे. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं १९२ बिटचं आणि ८ जीबीवालं १२८ बिटचं; बिट म्हणजे मेमरीचा रस्ता किती रुंद ते. उलट आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६ मध्ये चिप तीच, तिथे फरक खरोखर मेमरीचाच. त्यामुळे कागदावर '३०६०' एवढंच लिहू नका, '३०६०, १२ जीबी, १९२ बिट' असं लिहा.

मदरबोर्ड जुना, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटचा असेल तर मेमरी काठोकाठ घेऊ नका, एक माप वरचं घ्या. आरएक्स ६५०० एक्सटीसारखी ४ जीबीची कार्डं स्लॉटच्या फक्त चार लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतात. जुन्या बोर्डावर मेमरी ओसंडली की त्यांचे हाल सगळ्यात वाईट.

तपासा: वॉट. जीटीएक्स १६५० ला ७५ वॉट लागतात. आरटीएक्स ४०६० ला ११५, आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ३०६० ला १७०. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसच्या लेबलवर '४५०' छापलेलं असलं तरी त्यावर ३०६० चढवू नका. चांगला ५५० वॉटचा घ्या आणि हा खर्च कार्डाच्या बजेटमध्येच धरा.

## टप्पा ७: दुकानात

"भिया, यही ले जाओ, आठ जीबी है, सब चलेगा." हे वाक्य ऐकू येणारच. कागद काढा आणि तीच ओळ वाचून दाखवा: चिपचं नाव, जीबी, मेमरीचा प्रकार, बिट. तसंच्या तसं नसेल तर पुढच्या दुकानात. दोन-तीन दुकानं फिरायला अर्धा तास पुरतो.

बिल जीएसटीचं पक्कं घ्या, त्यावर पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर हवा. खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा नंबर एक आहे का, काउंटरवरच पडताळा. वॉरंटीच्या वेळी हाच कागद मागतात.

जुनं कार्ड घेत असाल तर ते दुकानातल्याच कॉम्प्युटरवर लावून जीपीयू-झेड, हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवून बघा. जुन्या चिपचं बायोस, म्हणजे कार्डातला मूळ प्रोग्राम, बदलून तिला नवं नाव आणि फुगवलेली मेमरी देण्याचे प्रकार होतात. जीपीयू-झेड अशा ओळखीच्या कार्डांपुढे 'फेक' असा शब्दच दाखवतं. त्यानंतर दहा मिनिटं तरी एखादा गेम चालवा. लावून दाखवायला नकार मिळाला तर पैसे खिशातच ठेवा.

## टप्पा ८: घरी लावल्यावर

मॉनिटरची केबल कार्डात लावा. मागे वर मदरबोर्डचं एचडीएमआय असतं आणि खाली कार्डाचं. सवयीने हात वर जातो, आणि नवं कार्ड आत नुसतं बसून राहतं. असा कॉम्प्युटर मी तीन घरांत पाहिलाय, एका ठिकाणी चार महिने तसाच चालू होता.

कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर टाका, मशीन पुन्हा सुरू करा आणि टप्पा १ परत करा. डेडिकेटेडचा आकडा खोक्यावरच्या आकड्याच्या आसपास हवा, थोडा कमी चालेल. मग टप्पा ४ ची तीच वीस मिनिटं, तोच गेम किंवा तीच फाइल, तीच सेटिंग. शेअर्ड जागच्या जागी राहिली आणि गोठणं गेलं, की कागदावर आकडे आणि तारीख लिहून तो कॅबिनेटच्या बाहेरच्या बाजूला चिकटवा.

हे सगळं हिवाळ्यात केलं असेल तर तीच वीस मिनिटं मे महिन्यात भर दुपारी पुन्हा चालवा, आणि तापमानाचा आकडा त्याच कागदावर खाली लिहा.